फाइल कृत्रिम, ओळ मात्र ओळखीची

प्रश्न : मॅडम, मी पीएच.डी. करते. विद्यार्थी शिक्षण मधेच का सोडतात, हा माझा विषय. कुलसचिव कार्यालयाने २,१४३ विद्यार्थ्यांची माहिती दिली आहे : वय, विषय, हजेरी, गुण, शुल्कसवलत, समुपदेशन केंद्रातल्या भेटी. नावे त्यांनीच काढली होती. नैतिकता समितीची परवानगी आहे. आता शोधनिबंध स्वीकारताना नियतकालिक डेटा जाहीर करायला सांगते आहे. माझे मार्गदर्शक म्हणाले, "सिंथेटिक करून टाक, मग कोणाला विचारायची गरज नाही." मी एका तयार सॉफ्टवेअरने तशी, म्हणजे खऱ्या माहितीचा नमुना शिकून रचलेल्या कृत्रिम विद्यार्थ्यांच्या ओळी असलेली, फाइल बनवली आणि दुसऱ्या देशातल्या सहलेखकांना मेलही केली. दोन आठवड्यांनी त्यात एक ओळ दिसली. आमच्या विभागातले कोणीही बघितल्याबरोबर नाव सांगेल, अशी. वय तेवढे एका वर्षाने वेगळे. सर म्हणतात योगायोग. ती ओळ सोबत जोडते आहे. विद्यार्थ्यांच्या संमतीपत्रात 'माहिती संशोधनासाठी वापरली जाईल, विद्यापीठाबाहेर दिली जाणार नाही' असे वाक्य आहे. फाइल जाहीर करू का? मी अडचणीत आहे का?

उत्तर : ही फाइल जाहीर करू नका. अडचणीत आहात, पण अडचण अजून निस्तरण्याजोगी आहे. फक्त ती निस्तरायची कशी हे तुम्ही आणि सरांनी दोघांतच ठरवून चालणार नाही.

तुमचे विद्यापीठ कोणत्या देशात आहे हे तुम्ही लिहिलेले नाही आणि सहलेखक आणखी तिसरीकडे. म्हणून एका देशाच्या कलमाला धरून बसण्यापेक्षा सगळीकडे जवळपास सारखे लागू पडते तिथून सुरुवात करते.

सरांच्या वाक्यात दोन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत. सिंथेटिक फाइल तयार झाल्यावर ती कोणाची वैयक्तिक माहिती उरत नाही, असे त्यांना म्हणायचे असावे. ते खरे ठरू शकते. पण ती फाइल बनवण्यासाठी सॉफ्टवेअरला काय दिलेत? २,१४३ खऱ्या विद्यार्थ्यांची खरी माहिती. हे देणे म्हणजे त्या माहितीचा वापरच. ज्या कामासाठी माहिती मिळाली, त्यात हा वापर बसतो का, हा प्रश्न फाइल बनण्याच्या आधीचा आहे. समितीचे परवानगीपत्र काढून वाचा. 'विश्लेषण' लिहिले आहे की 'विश्लेषण व त्यावर आधारित डेटा प्रसिद्ध करणे'? बहुतेक वेळा पहिलेच असते. मग दुरुस्ती-अर्ज करावा लागेल. तो बहुधा छोटाच असतो, समित्या सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना राग येतो तो नंतर कळल्यावर.

आणखी एक. कुलसचिव कार्यालयाने नावे काढली म्हणून तुमची मूळ फाइल निनावी झाली असे धरू नका. कोणती ओळ कोणाची, याची किल्ली विद्यापीठाकडे आहेच. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीत अशा माहितीला छद्मनामी म्हणतात, आणि विद्यापीठाच्या हातात ती वैयक्तिक माहितीच राहते.

आता ती ओळ. तुम्ही ती मला जशीच्या तशी पाठवलीत. इथे छापताना मी विषय, वय, आकडे सगळे बदलले आहेत. समजा ती अशी आहे : वय ४१, एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरे वर्ष, मधे दोन वर्षांचा खंड, शुल्कसवलत आहे, समुपदेशनाच्या भेटी ११. मूळ फाइलमध्ये हेच सगळे, फक्त वय ४२.

सर योगायोग म्हणतात ते सरसकट चूक नाही. एकोणीस वर्षांचा, पहिल्या वर्षाचा, बेताची हजेरी आणि समुपदेशनाच्या भेटी शून्य, अशी ओळ सिंथेटिक फाइलमध्ये कोणाशी तरी जुळणारच. खऱ्या फाइलमध्ये तशा शंभर असतात. त्या जुळण्याने कोणाचे काही बिघडत नाही. चाळिशी ओलांडलेली भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी मात्र तुमच्या अख्ख्या फाइलमध्ये एकच आहे. खंड, सवलत आणि अकरा भेटी हे तिन्ही एकत्र तिच्याच वाट्याला आले, तर सॉफ्टवेअरने नमुना शिकण्याऐवजी माणूस पाठ केला, अशीच शंका येते. गर्दीतला विद्यार्थी गर्दीतच लपतो. एकटा पडलेला विद्यार्थी कृत्रिम फाइलमध्येही एकटाच उठून दिसतो. समुपदेशनाला वारंवार जाणारे, वयाने मोठे, एखाद्या विषयाला एकटेच असणारे, अपंगत्वाची नोंद असलेले, ज्यांना गुप्ततेची गरज सर्वांत जास्त तेच यात सापडतात. मला या सगळ्या तंत्रात खटकते ते हेच.

आणि समजा, खरोखर योगायोग असेल. तरी विभागातला माणूस ती ओळ वाचून काय म्हणेल? 'अगं, ही तर ती! आणि अकरा वेळा?' ओळ खोटी असली तरी बोभाटा खऱ्या बाईचा होतो.

कायद्याची कसोटीही याच माणसाच्या नजरेतून आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींसाठी १९७४ चा कायदा आहे, सगळे त्याला 'फेर्पा' म्हणतात. त्याच्या नियमांत ओळख पटण्याची व्याख्या मोठी मासलेवाईक आहे : शाळा-महाविद्यालयाच्या वर्तुळातल्या, पण त्या प्रकरणाची खासगी माहिती नसलेल्या, समंजस माणसाला विद्यार्थी वाजवी खात्रीने ओळखता येतो का? हॅकर नाही, संगणकतज्ज्ञ नाही. कँटीनमध्ये बसणारा सहाध्यायी. युरोपची नियमावली ओळख पटवायला वाजवीपणे वापरली जाण्याची शक्यता असलेली सर्व साधने विचारात घ्यायला सांगते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही व्याख्या ओळखता येणाऱ्या व्यक्तीभोवतीच आहे. यांपैकी कोठेही फाइलच्या नावात 'सिंथेटिक' आहे का, असे कोणी विचारत नाही.

भारतीय कायदा तुम्हाला लागू असेल तर संशोधनासाठी त्यात सूट आहे, कलम १७(२)(ख). पण ती सशर्त आहे : या माहितीवरून कोणा विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाता कामा नये, आणि सरकारने ठरवून दिलेली मानके पाळली पाहिजेत. तुमच्या विषयात पहिल्या अटीचा काटा टोचू शकतो. शिक्षण सोडण्याचा अंदाज बांधणारे काम प्रशासनाला आवडले की ते विचारते, 'मग यंदाचे धोक्यातले विद्यार्थी कोण ते सांगा ना.' यादी दिलीत की सूट मिळण्याचा आधार गेला. विचारतील, तेव्हा नाही म्हणा.

'नावे नाहीत, कोण ओळखणार' या भरवशावर तुमच्याहून मोठ्या लोकांनी हात पोळून घेतले आहेत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका महाविद्यालयाच्या सुमारे १,७०० विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलची माहिती, महाविद्यालयाचे नाव झाकून, प्रसिद्ध केली. लोकांनी विद्यार्थ्यांच्या ओळी उघडल्याच नाहीत. सोबतच्या माहितीपत्रकातली विषयांची नावे आणि इतर वर्णन वाचूनच महाविद्यालय हार्वर्डचे आहे हे काही दिवसांत ओळखले. दुसरे उदाहरण हार्वर्ड-एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे. तो डेटा तर तज्ज्ञांकडून फेर्पाच्या कसोटीवर तपासून जाहीर केला होता. २०२२ मध्ये अलोनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने लिंक्डइनवरची माहिती लावून त्यातले तीन विद्यार्थी ओळखून दाखवले. हे दोन्ही डेटा सिंथेटिक नव्हते, मान्य. म्हणून तर लोक सिंथेटिककडे वळले. कल्पना तशी जुनी आहे, संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९९३ मध्येच मांडलेली, आणि नीट राबवली तर चांगलीही आहे. मी तिच्या विरोधात नाही. सॉफ्टवेअरचे बटण दाबले म्हणजे ती राबवली असे नाही, एवढेच.

तर आता करायचे काय. सहलेखकांना आजच मेल करा : फाइल उघडू नका, पुढे पाठवू नका, कोणाला दिली आहे का आणि कोठे साठवली आहे ते लेखी कळवा. 'डिलीट करा' एवढेच सांगून मोकळ्या होऊ नका. कोण, कधी, कोठे याची नोंद आधी हातात यायला हवी. माहितीला पाय फुटले की काही देशांत विद्यापीठाला ठरलेल्या मुदतीत नियामकाला कळवावे लागते. युरोपात, जोखीम संभवत असेल तर, ७२ तासांत. ही घटना त्यात बसते की नाही हे ठरवण्याचे काम विद्यापीठाच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याचे किंवा विधी विभागाचे आहे. त्यांना कळवणे तुमचे. संमतीपत्रातले 'विद्यापीठाबाहेर दिली जाणार नाही' हे वाक्य इथे आडवे येते. फाइलमध्ये कोणीच ओळखू येत नसेल तर 'ती विद्यार्थ्यांची माहितीच नव्हती' असा बचाव उभा राहतो. त्या एका ओळीने नेमका तोच बचाव डळमळला आहे.

समितीला पत्र लिहा. लांबण नको, सफाई नको. मजकूर साधारण असा : 'अमुक तारखेला मूळ माहितीवरून सिंथेटिक फाइल तयार केली. त्यासाठी स्वतंत्र परवानगी घेतली नव्हती. ती फाइल अमुक तारखेला सहलेखकांना पाठवली. नंतर तपासताना एक ओळ एका विद्यार्थ्याशी जुळती आढळली. फाइलचा वापर थांबवला आहे. पुढील निर्देश द्यावेत.' पत्रात ती ओळ लिहू नका. सरांनी काय सांगितले तेही या पत्रात नको, पण त्यांचा मेल असेल तर जपून ठेवा. पत्रावर त्यांची सही मागा. नाही दिली तर तुमच्या एकटीच्या सहीने पाठवा. परवानगी तुमच्या नावावर असेल तर जबाबदारीही तुमच्या नावावर आहे.

समितीने हिरवा कंदील दिला तर फाइल नव्याने बनवा, आणि या वेळी विभागातला एखादा संख्याशास्त्रज्ञ बरोबर घ्या. त्याला सांगा की काही विद्यार्थी सॉफ्टवेअरला दाखवायचेच नाहीत, बाजूला ठेवायचे. मग सिंथेटिक ओळी दाखवलेल्या विद्यार्थ्यांच्या जास्त जवळ जातात की बाजूला ठेवलेल्यांच्या, ते मोजायचे. दाखवलेल्यांकडेच झुकत असतील तर पाठांतर झाले आहे. हा मोजमापाचा कागद उद्या वादात तुमच्या बाजूने बोलेल. मी वकील म्हणून पहिला तोच मागेन. समुपदेशनाच्या भेटींचा आकडा तर काढूनच टाका. 'गेला किंवा गेला नाही' एवढ्यावर तुमचे विश्लेषण उभे राहत असेल तर अकरा कशाला? वयाचेही तेच, गट करा. आकड्यांत मोजूनमापून गोंधळ मिसळून गुप्ततेची गणिती हमी देणारी डिफरन्शियल प्रायव्हसीची पद्धत आहे, पण दोन हजार ओळींच्या फाइलमध्ये ती आकडे बरेच विस्कटू शकते. तो निर्णय संख्याशास्त्रज्ञावर सोडा. सॉफ्टवेअरने शिकून तयार केलेले मॉडेलही फाइलीबरोबर कोठे चढवू नका. पाठांतर त्याच्या पोटात असते.

नियतकालिकाची घाई आहे हे कळते. पण बहुतेक नियतकालिके खासगी माहितीला अपवाद ठेवतात. 'मूळ माहिती विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेमुळे जाहीर करता येत नाही. विद्यापीठाच्या मंजुरीने पात्र संशोधकांना पाहता येईल' असे निवेदन आणि विश्लेषणाचा कोड द्या. असे निवेदन करण्याआधी मात्र विद्यापीठाला विचारा, नाहीतर त्यांच्या वतीने तुम्ही भलतेच वचन देऊन बसाल.

समितीच्या पत्रात फाइल किंवा तिचा भाग कोणाकोणाकडे गेला याची यादी द्यावी लागेल. त्यात माझेही नाव घाला. ती ओळ तुम्ही मलाही पाठवली आहे.