पडायच्या भीतीनं हालचाल सोडलेल्या ज्येष्ठांचा व्यायामवर्ग गावात कसा चालवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणी जिल्ह्यातल्या गावात मारुतीच्या सभामंडपात साठीपुढच्या पंधराएक जणांचा वर्ग तुम्ही सुरू केला. माणसं येतात, पण उभं राहायची वेळ आली की निम्मे जण "आम्ही बसूनच करतो" म्हणतात. कुणाला पडायची भीती, कुणाला गुडघे आणखी झिजतील याची. मग खुर्चीत बसवून हात फिरवून घेणंच चालू ठेवावं का?

बसून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथंच थांबलात तर भीती जागची हलणार नाही. ज्या हालचालीला माणूस घाबरतो तीच हालचाल लहान तुकड्यांत, त्याच्या बेतानं, पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. "घाबरू नका" म्हणून भीती जात नाही. "मी केलं आणि काही झालं नाही" हे अंगाला कळलं की ती उतरते.

म्हणून आधी प्रत्येकाशी पाच मिनिटं बोला आणि एकच विचारा: काय काय करायचं सोडलं? कुणी उंबरठा ओलांडताना सुनेला हाक मारतं, कुणी पंगतीत खाली बसणं सोडलेलं असतं, कुणी रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाही. ही यादी वहीत लिहा आणि प्रत्येक गोष्टीपुढं भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायला सांगा. सुरुवात तीन-चार आकड्याच्या गोष्टीपासून करायची. नऊवालीला पहिल्याच आठवड्यात हात घातला तर माणूस परत येत नाही.

त्याच वेळी हेही विचारून घ्या: गेल्या वर्षात पडलात का, उठल्यावर भोवळ येते का, चालताना छातीत दुखतं का, हल्लीच हाड मोडलं होतं का, पाठीत अचानक जोराची कळ आली होती का. यातल्या कशालाही "हो" आलं तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग वर्ग. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांचा रक्तदाब उपकेंद्रात मोजून घ्या: पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर त्या माणसाची भीती खरी आहे. त्याला व्यायामाआधी गोळ्यांचा फेरविचार हवा.

जागेबद्दल. सतरंजी अंथरू नका, तिच्या कडेत पाय अडकतो. फरशी कोरडी हवी. देवळात चप्पल काढावी लागते, ते एका अर्थी बरंच आहे, अनवाणी पायाला जमीन नीट कळते. मात्र मोजे नकोत, आणि मधुमेह असलेल्यांचे तळवे वर्गाआधी आणि नंतर बघा, कारण काहींना काटा रुतलेलाही कळत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या हाताच्या, पाठ भिंतीला टेकवून मांडलेल्या. मोकळ्या ठेवल्या तर उठताना एकाच हातावर भार येतो आणि खुर्ची कलंडते. पंधराजण एकत्र घेऊ नका. सात-आठचे दोन गट करा आणि प्रत्येक गटाला तुमच्याशिवाय दोन मदतनीस ठेवा. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. जागतिक आरोग्य संघटनेचा ६५ पुढच्यांसाठीचा सल्लाही तोच आहे: तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस.

आता खुर्चीतून उठणं. हा एक व्यायाम नीट जमला तर अर्धा वर्ग जमला, म्हणून यावर वेळ घालवा. घाबरलेला माणूस कसा उठतो ते नीट बघा. पाय पुढं पसरलेले, पाठ मागं रेललेली, श्वास कोंडलेला, आणि समोरच्याकडं हात पुढं केलेला. पुढं वाकलो तर तोंडावर पडू असं वाटतं म्हणून तो मागं रेलतो, आणि मागं रेलल्यामुळंच त्याला उठता येत नाही. दोन-तीनदा धप्पकन मागं बसला की "माझ्या पायात जोरच नाही" असं ठरवून टाकतो. बऱ्याचदा जोर असतो, भार पायांवर आलेला नसतो.

सोडवायचं असं: खुर्चीच्या कडेशी सरकून बसायचं. टाचा गुडघ्याच्या चार बोटं मागं. पायांत वीतभर अंतर. हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर. आधी नुसतं पुढं वाकून परत यायचं, पाच वेळा, उठायचं नाही. नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं पाहिजे. मग वाकून बूड दोन बोटं उचलायचं आणि परत टेकवायचं. मग श्वास सोडत पूर्ण उभं. बसताना तीन आकडे मोजत सावकाश. पाच वेळा, मध्ये विसावा, पुन्हा पाच. फार जड जात असेल तर बैठकीवर घट्ट घडीची घोंगडी ठेवून उंची वाढवा. मऊ उशी नको, तिच्यात बूड रुततं आणि उठणं आणखी अवघड होतं. मदतनीसानं बाजूला उभं राहायचं, समोर नाही, आणि हात धरून ओढायचं तर नाहीच. ओढल्यानं खांदा दुखावतो, आणि माणसाच्या मनात पक्कं बसतं की ओढल्याशिवाय आपण उठत नाही.

"जपून", "सांभाळा", "पडाल हं" हे शब्द वर्गात बंद करा. ऐकल्याबरोबर अंग आखडतं. त्याऐवजी काय करायचं ते सांगा: "आज्जी, नजर त्या खांबाकडं", "अण्णा, श्वास सोडा". भीतीनं मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकदमच आवळले जातात, पाऊल तोकडं पडतं, नजर पायाशी खिळते. अशा ताठ माणसाचा तोल थोडा गेला तरी त्याला सावरायला पाऊल टाकता येत नाही.

पायावरचं लक्ष काढून घ्यायला आपल्याकडं फार चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे दिंडीतली पावली. बहुतेकांच्या अंगात ती लहानपणापासून मुरलेली असते, आणि तिच्यात तोलाच्या व्यायामातलं बरंच काही येतं: एका पायावरून दुसऱ्यावर भार, पुढं-मागं पाऊल, ठेक्यावर थांबणं. पहिले दोन आठवडे खुर्चीची पाठ धरून जागच्या जागी डावी-उजवीकडं डोलणं. तिसऱ्या-चौथ्यात खुर्चीवर एकच हात, मग बाजूला एकेक पाऊल. मागचं पाऊल सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा मागं भिंत हातभर अंतरावर असावी. टाळ देण्याआधी टाळ्या वाजवू द्या, हात पटकन मोकळे करता येतात. ठेका संथ ठेवा. उत्साही मृदंगवाला चाल वाढवत नेतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

कुणाला कुणाशेजारी उभं करता यानंही फरक पडतो. घाबरलेल्या मावशीपुढं रोज सूर्यनमस्कार घालणारे आबा उभे केले तर "त्यांचं काय, ते काटक आहेत" एवढंच होतं. तिच्यापेक्षा दोन आठवडे पुढं असलेली, तिच्याच वयाची, तिच्यासारखेच गुडघे दुखणारी बाई शेजारी हवी.

"झीज" हा शब्दच फार नडतो. टायर घासतं तसा गुडघा चालण्यानं घासतो असं लोक धरून चालतात. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, दाबली-सोडली गेली तरच तिला पोषण मिळतं आणि मांडीचा स्नायू भार झेलायला शिकतो. बसून राहिल्यानं दोन्ही जातं. नियम सोपा ठेवा: दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. सांधा सुजून गरम झाला, पोटरी एकाच पायाची सुजली किंवा छातीत दुखलं तर मात्र थांबून डॉक्टर.

पाचव्या आठवड्यापासून यादीतल्या खऱ्या गोष्टी घ्या. उंबरठ्यासाठी गोधडीची गुंडाळी ओलांडायची. मग खाली बसून उठणं. ते उलट्या बाजूनं शिकवा. आधी जाड गोधडीवर एक गुडघा टेकून, खुर्चीवर दोन्ही हात ठेवून उभं राहायचं. ते जमलं की दोन्ही गुडघे टेकून. मग रांगत खुर्चीपर्यंत येऊन. शेवटी कुशीवरून कोपरावर, कोपरावरून चार पायांवर. उभं राहताना ताकदीचा पाय पुढं. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी शल्यविशारदांना विचारल्याशिवाय हे करू नये. पडलो तर उठता येतं हे कळलं की पडायची भीती फार कमी होते, म्हणून हा भाग वगळू नका.

मोजमाप दर चार आठवड्यांनी. ३० सेकंदांत खुर्चीतून हात न लावता किती वेळा उठता येतं, ते वहीत लिहा. दुसरं, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती वेळ लागतो. १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडायचा धोका धरा. ताकद आधी वाढते, भीतीचा आकडा मागून उतरतो. महिन्याभरात भीती तेवढीच दिसली तर वर्ग फुकट गेला असं समजू नका.

घरच्यांना एक दिवस बोलवा. "बसा तुम्ही, मी देते" हे मायेनं म्हटलेलं असतं, पण त्यानं दिवसातलं वीस वेळा उठणं बंद होतं. तांब्या त्यांना स्वतः उठून घेऊ द्यायला सांगा.

एकादशीला मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी आलेल्यांकडून व्यायाम करून घेऊ नका, आणि साखरेची पुडी कायम जवळ असू द्या. एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी साडेसहाला घ्या. कुणी पडलंच तर लगेच बखोटीला धरून उचलू नका. पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसलं किंवा खुब्यात कळ असली तर हलवू नका, १०८ ला फोन करा. तसं काही नसेल तर त्यांना श्वास घेऊ द्या आणि शिकवलेल्या क्रमानं स्वतःच उठू द्या, तुम्ही फक्त खुर्ची जवळ आणून धरा. जे अजून उभेच राहत नाहीत त्यांच्या हाती टाळ द्या आणि खुर्चीवर बसून ठेका धरायला सांगा. त्यांची खुर्ची मात्र गोलातच असू द्या, कडेला नको.