आबांचा ईईजी दर महिन्याला काढायचा का?

मंगळवार पेठेतला एक मुलगा वडलांची फाईल घेऊन आला (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). आबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, आता साधा हिशोब पण अडकायला लागलेला. डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात सांगितली, ईईजीत (डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपायची तपासणी) लाटा जरा मंद दिसल्या होत्या. पोराचं म्हणणं, "मॅडम, दर महिन्याला काढूया की, आजार किती वाढला ते तरी कळंल." असं विचारणारे बरेच येतात म्हणून लिहितेय.

डोळे मिटून शांत पण जागे असलो की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण 8 ते 13 लाटा येतात, त्या अल्फा. अल्झायमरमध्ये त्या हळूहळू कमी होतात आणि 4 ते 8 वाल्या थीटा वाढतात. पण नुसती झोप आली तरी हेच होतं! आबांचं तेच झालेलं, घरच्यांनी परस्पर दुसरा ईईजी काढला तो दुपारी जेवणानंतर, आदल्या रात्री झोपेची गोळी दिलेली, लाटा अजून मंद आल्या आणि घरात रडारड. डॉक्टरांनी नीट झोप झाल्यावर सकाळी परत काढायला लावला तर पहिल्यासारखाच आला.

म्हणून मी सांगते, कधी काढायचा ते डॉक्टरांना ठरवू दे, आणि काढाल तेव्हा शक्यतो तीच वेळ, तीच लॅब, चालू गोळ्यांची यादी सोबत. ईईजी एकटा काही सांगत नाही, 30 मार्कांची स्मरणाची टेस्ट आणि घरातल्या नोंदी शेजारी ठेवूनच तो वाचायचा. लाईट बिल स्वतः भरलं का, रंकाळ्यावरनं एकटे परत आले का, असल्या नोंदी. आणि दोनचार दिवसांत माणूस एकदम बिघडला तर अल्झायमर वाढला म्हणून गप्प बसू नका, इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन गोळी, काहीही असू शकतं, लगेच दाखवा.

आबांशी एकट्याशी बोलले तर ते म्हणाले, "वायरी लावत्यात तवा शॉक देत्यात काय ओ?" इतक्या वेळा नेलं पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! ईईजी मेंदूतली वीज फक्त टिपतो, आत काही सोडत नाही. हे ऐकल्यावर माणूस जरा सैल झाला.

नोंदींची वही आता आबाच लिहितात, रोजमेळ लिहायची सवय आहेच, सूनबाई फक्त गोळ्यांची खूण करते.