मेंदूत एव्हीएम निघालं, पण फुटलेलं नाही. ऑपरेशन करावं का?

तुमच्या २२ वर्षांच्या भाच्याला फिट आली, एमआरआयमध्ये एव्हीएम, म्हणजे धमन्या-शिरांचा गुंता, निघालं, रक्तस्राव नाही. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, घरचे म्हणतात डोकं उघडायचं नाही. मी डॉक्टर नाही. निफाडकडचा द्राक्षबागायतदार आहे आणि हेच ऑपरेशन माझं नाशिकला झालंय.

पण माझ्याकडे बघून ठरवू नका. माझं फुटलं होतं. ऑक्टोबर छाटणी चालू असताना बागेतच डोक्यात कळ गेली, उलटी झाली, डावा हात लुळा पडला. एकदा फुटलेलं पुन्हा फुटायची भीती जास्त, म्हणून मला थांबून चालणार नव्हतं. तुमच्याकडे विचाराला वेळ आहे, तो वापरा.

ठिबकवाल्याला हा आजार लगेच कळतो. मेन लाइनचं पाणी दाब न उतरवता थेट बारीक नळीत सोडलं तर नळी फुटणारच. धमनीतल्या रक्ताचा दाब केशवाहिन्यांत उतरतो. एव्हीएममध्ये त्या नसतातच, धमनी थेट शिरेला जोडलेली असते.

डॉक्टरांना ग्रेड विचारा. १९८६ पासून ही पद्धत आहे. गुंता ३ सेंमीच्या आत असेल तर १ गुण, ६ पर्यंत २, त्यापुढे ३. बोलणं, नजर, हातपाय सांभाळणाऱ्या भागात असेल तर आणखी १. रक्त खोल शिरांत उतरत असेल तर अजून १. या गुणांची बेरीज म्हणजे ग्रेड. माझी ग्रेड २ होती. १ आणि २ ला ऑपरेशन चांगलं मानतात, ४-५ ला बहुधा हात लावत नाहीत. तीनवाल्यांनी मात्र दुसऱ्या न्यूरोसर्जनला दाखवावंच.

कुणीतरी तुम्हाला २०१४ चा ‘अरुबा’ अभ्यास दाखवेल. न फुटलेल्या एव्हीएममध्ये नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांना पक्षाघात आणि मृत्यू कमी आढळले, हे खरं. पण तो हिशेब सरासरी तीनेक वर्षांचा, आणि त्यात ऑपरेशनवाले फार थोडे होते. न फुटलेलं फुटायचा धोका वर्षाला साधारण एक-दोन टक्के धरतात. साठीच्या माणसाला तो वेगळा, तुमच्या पोराला पुढची पन्नास वर्षं काढायचीत. म्हणून ग्रेड कमी असेल तर मी ऑपरेशनच्या बाजूने आहे.

गॅमा नाइफने, म्हणजे बाहेरून किरण सोडून केलेल्या उपचाराने, डोकं उघडावं लागत नाही, पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर धोका राहतोच. ऑपरेशनमध्ये आधी रक्त आणणाऱ्या धमन्या बंद करतात, शीर सगळ्यात शेवटी. उलट केलं तर मोटर चालू ठेवून पुढचा व्हॉल्व्ह बंद केल्यासारखं होईल.

निर्णयाआधी डीएसए अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेले एक्स-रे, करा, नुसत्या एमआरआयवर ठरवू नका. सर्जनला थेट विचारा, ‘साहेब, अशी किती केलीत?’ खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. तोवर फिटची एकही गोळी चुकू देऊ नका, भाच्याला मोटरसायकल आणि विहिरीपासून लांब ठेवा. आणि ऑपरेशन झालंच तर नंतरची अँजिओग्राफी करून घ्या; गुंता पूर्ण निघाला की नाही, ते तिच्यातच दिसतं.