ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनभोवतीचे सामान कसे मावेल?

फ्लॅटच्या अरुंद ड्राय बाल्कनीत मशीन बसवल्यावर साबण, बादल्या आणि चिमटे कुठे ठेवायचे, असा प्रश्न आहे. जमिनीवर जागा उरत नसल्याने भिंतच वापरावी लागते. मशीनच्या वर १८ मिलीमीटर जाडीच्या मरीन प्लायची फळी स्टीलच्या ब्रॅकेटवर बसवावी. मात्र मशीन वरून उघडणारे असेल, तर झाकण पूर्ण उघडून त्याच्या टोकाची खूण भिंतीवर करावी आणि फळी त्या खुणेपेक्षा चार बोटे वर घ्यावी. साधा प्लाय अशा जागी पावसाळ्यात फुगतो, त्यात पैसे घालू नयेत. मरीन प्लायच्याही कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण ओल शिरते ती तिथूनच. भोक पाडताना नळाच्या सरळ वरची-खालची भिंत टाळावी, कारण आतले पाइप बहुधा त्याच रेषेत असतात. शिवाय स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी नुसत्या गिलाव्यात न राहता विटेत बसली पाहिजे. बादल्यांना बाजूच्या भिंतीवरचे दोन मजबूत हूक पुरतात. चिमट्यांसाठी विकतची टोपली हवीच असे नाही. तेलाच्या रिकाम्या कॅनची मूठ शाबूत ठेवून बाकीचा वरचा भाग कापून, पाणी निथळण्यासाठी तळाला भोके पाडून, तो कॅन मुठीने खिळ्याला अडकवला तरी चालतो.