रायबोसोमच्या जुळणीवर काम सुरू करताना

रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं, आणि त्यांचे भाग वेगळे करणारे साखरेच्या द्रावणाचे पहिले ग्रेडियंट बिघडले म्हणून खचू नकोस, सगळ्यांचेच बिघडतात. सध्या एवढंच सांभाळ.

आधी वाढ. ३७ अंशांवर एलबी या पोषक माध्यमात ई. कोलाय जीवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, साध्या ग्लुकोज माध्यमात तासभर घेतो, आणि पेशीतले रायबोसोमही त्या वेगानुसार कमी-जास्त होतात. म्हणून तुलनेचे फ्लास्क एकाच ओडीला (कल्चरच्या गढूळपणाचं माप), ०.४च्या आसपास, थेट बर्फात घाल. रात्रभर वाढलेलं कल्चर वापरणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

मग बफरमधलं मॅग्नेशियम. १० मिलिमोलरला ७०एस, म्हणजे पूर्ण रायबोसोम, टिकतो. १ मिलिमोलरला त्याचे ३०एस आणि ५०एस हे दोन भाग सुटे होतात. ग्रेडियंटच्या आलेखात त्यांची दोन उंच शिखरं बघून ‘जुळणी अडकली’ असं वाटतं, पण चूक बफरची असते. माझे दोन आठवडे यातच गेले होते, म्हणून बाटलीवर तारीख आणि मॅग्नेशियम दोन्ही लिही.

कमी तापमानात जुळणीतले दोष जास्त ठळक दिसतात. पण २० अंश म्हणजे २०च हवेत! मे महिन्यातल्या मुंबईत बाकावरचा फ्लास्क त्रेधा उडवतो, थंड करणारा शेकरच घे.

क्रायो-ईएम (गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), प्रथिनांची मोजणी हे नंतर. आधी साध्या, म्हणजे जनुकीय बदल नसलेल्या, पेशींचं शिखर तीनदा सारखं आण, आणि आलेख मला दाखव.