अंदाज काढला, घेतला की आला? एस्टिमेट, असेस, इव्हॅल्युएट आणि गेज यांविषयी

तुमची अडचण मला समजली ती अशी. गावाच्या नळपाणी योजनेचा मराठी अहवाल तुम्ही इंग्रजीत लिहीत आहात. मूळ मजकुरात ‘अंदाज’ आणि ‘मूल्यमापन’ हे दोनच शब्द पुनःपुन्हा येतात, आणि शब्दकोश उघडला की एस्टिमेट, असेस, इव्हॅल्युएट, अप्रेझ, जज, गेज असे अर्धा डझन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने मांडलेले दिसतात. त्यांतला कोणता शब्द कोठे वापरावा, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे अशाच अहवालांची भाषांतरे करते, आणि माझा अनुभव असा की शब्दकोशातला अर्थ येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो नामाचा अर्थ सांगतो आणि खरा भेद मराठीने क्रियापदात ठेवलेला आहे.

नीट ऐकले तर आपण अंदाज ‘काढतो’, ‘बांधतो’, ‘घेतो’, आणि कधी तो आपल्याला ‘येतो’. खर्चाचा अंदाज काढला, असे म्हटले की शेवटी हाती एक आकडा पडतो. नदीत उतरण्यापूर्वी काठीने तळ चाचपून पाण्याचा अंदाज घेतला, असे म्हटले की कोणताही आकडा कागदावर येत नाही, तरी पुढचे पाऊल टाकावे की नाही हे कळते. ‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू’ ही दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणारी बातमी इंग्रजीत न्यायची असेल, तर तेथे एस्टिमेट बसणार नाही. मिसजज हे क्रियापद हवे, कारण त्या माणसाने पाणी मोजले नव्हते, त्याने पाण्याविषयी एक निर्णय घेतला होता आणि तो चुकला. म्हणून भाषांतर करताना मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते तो हा: हे काम संपल्यावर करणाऱ्याच्या हातात काय उरते?

आकडा उरत असेल, तर शब्द एस्टिमेट. बांधकाम खात्यात अंदाजपत्रक करतात ते याच अर्थाने: खोदकाम इतके घनमीटर, दरसूचीतला दर इतका, दोहोंचा गुणाकार, आणि अशा सगळ्या बाबींची बेरीज. विधिमंडळाची अंदाज समिती आणि अर्थसंकल्पातले सुधारित अंदाज हेही याच कुळातले. एस्टिमेट म्हणजे हवेतला तर्क नव्हे. तो ज्या मोजमापांवर उभा आहे ती दाखवता आली पाहिजेत. ती दाखवता येत नसतील तर इंग्रजीत त्याला गेस म्हणतात, म्हणजे आपली अटकळ, आणि अधिकृत अहवालात तो शब्द न आलेलाच बरा. येथे दोन बारकावे आहेत. नाम असताना उच्चार ‘एस्टिमिट’ आणि क्रियापद असताना ‘एस्टिमेट’ असा होतो. दुसरे असे की ‘कॉन्झर्व्हेटिव्ह एस्टिमेट’ याचा अर्थ ‘कमी धरलेला आकडा’ असा सरसकट समजू नये; तो सावधपणे धरलेला आकडा असतो, म्हणजे उत्पन्नाच्या बाबतीत कमी धरलेला आणि खर्चाच्या बाबतीत बहुधा जास्त धरलेला.

असेस या शब्दावर मी थोडी अधिक रेंगाळणार आहे, कारण तो मला फार आवडतो आणि तुमच्या अहवालात त्याची गरज सर्वांत जास्त आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘शेजारी बसणे’ असा आहे. न्यायाधीशाच्या शेजारी बसून त्याला साहाय्य करणाऱ्यापासून तो कर ठरवण्यापर्यंत आला. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडच्या सेशन्स कोर्टांत खरोखरच असे ‘असेसर’ बसत. ते सगळा पुरावा ऐकून आपले मत देत, मात्र ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. कराच्या बाजूचा अर्थ आपल्याकडे आजही घरोघर पोहोचलेला आहे: मुंबई महापालिकेचे करनिर्धारण व संकलन खाते लोकांच्या तोंडी ‘असेसमेंट’ असते, आणि आयकर कायद्यातला करदाता ‘असेसी’ आहे. या सगळ्यांतून एक गोष्ट हाती लागते. असेस करणारा माणूस वस्तूजवळ जाऊन, अनेक अंगांनी ती पाहून, तिची स्थिती काय आहे याविषयी जबाबदारीने मत देतो. टाकीला तडे कोठे गेले आहेत, गळती किती ठिकाणी आहे, लोखंड उघडे पडले आहे का, हे पाहून ‘टाकी दुरुस्त होण्याजोगी आहे’ असे लिहिणे म्हणजे असेस करणे. त्या दुरुस्तीला चार लाख रुपये लागतील, हे त्यानंतरचे एस्टिमेट. अतिवृष्टीनंतर पिकांचे पंचनामे होतात ते असेसमेंट, आणि किती क्षेत्र बाधित झाले याचा प्राथमिक आकडा जाहीर होतो तो एस्टिमेट.

इव्हॅल्युएट मात्र हेतू ठाऊक असल्याशिवाय करता येत नाही. त्यात ‘व्हॅल्यू’ आहे, आणि मोल नेहमी कशाच्या तरी संदर्भात ठरते. योजना प्रत्येक घराला पाणी देण्यासाठी होती; ते मिळाले का, वेळेवर मिळाले का, झालेल्या खर्चाच्या मानाने मिळाले का, हे तपासणे म्हणजे इव्हॅल्युएशन, आणि ‘मूल्यमापन’ हा प्रतिशब्द खरा याच जागेचा आहे. तुमच्या मसुद्यात ‘वुई इव्हॅल्युएटेड दॅट’ अशी सुरुवात असलेले वाक्य दोनदा आले आहे, ते बदलावे. एस्टिमेटनंतर ‘दॅट’ सहज येते, इव्हॅल्युएटनंतर ते खटकते. तेथे थेट कर्म किंवा ‘व्हेदर’, ‘हाऊ’ यांनी सुरू होणारे उपवाक्य हवे.

अप्रेझ हा शब्द ‘प्राइस’च्या घरातला आहे. सोनेतारण कर्जासाठी बँकेत गेलेल्यांनी त्याचे काम डोळ्यांनी पाहिलेले असते: बांगडी काळ्या कसोटीवर घासली जाते, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब टाकला जातो, खड्यांचे वजन वजा केले जाते, आणि मग कागदावर शुद्धता, निव्वळ वजन व किंमत लिहून खाली ‘अप्रेझर’ किंवा ‘व्हॅल्युअर’ म्हणून सही होते. आपला ‘पारख’ हा शब्द या क्रियेच्या सर्वांत जवळचा आहे. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कामाविषयीही अप्रेझल म्हणतात, ज्याला शासकीय मराठीत कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. त्याची अप्राइझशी गल्लत होऊ देऊ नये. अप्राइझ म्हणजे एखाद्याला माहिती देणे, अवगत करणे, आणि चांगल्या चांगल्या कार्यालयीन पत्रांत मी ही चूक पाहिली आहे.

जज शेवटी निर्णयाकडे जातो. ‘मला जज करू नकोस’ या तरुणांच्या बोलण्यामुळे त्याला दोष काढण्याचा वास लागला आहे, पण अहवालात ‘जज्ड इट अनसेफ’ म्हणजे ‘ते असुरक्षित ठरवले’, इतका तो सरळ आहे. ‘मला वाटते’ अशा अर्थाचा रेकन हा शब्द बोलण्यात शोभतो, अहवालात नको.

आता तुम्ही विचारलेल्या चार वाक्यांकडे येते. ‘टाकीच्या अवस्थेचा अंदाज घेतला’ येथे असेस. ‘दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज काढला’ येथे एस्टिमेट. ‘योजनेचे मूल्यमापन केले’ येथे इव्हॅल्युएट, मात्र कोणत्या निकषांवर ते त्याच परिच्छेदात सांगावे, नाहीतर वाक्य अधांतरी राहील. चौथे वाक्य, ‘पाणीपट्टी वाढवण्याबाबत ग्रामस्थांचा अंदाज घेतला’, तुम्ही एस्टिमेटने केले आहे, आणि ते मात्र मुळीच ठेवू नये. ग्रामसभेत कोण गप्प बसले, कोण तावातावाने बोलले, दर ऐकल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली का, यावरून तुमच्या सहकाऱ्याने लोकांचा कल ओळखला असणार. पर्जन्यमापकाला इंग्रजीत ‘रेन गेज’ म्हणतात, तेच गेज येथे क्रियापद म्हणून वापरावे: ‘वुई गेज्ड द व्हिलेजर्स रिस्पॉन्स’. सहकाऱ्याने हात वर करायला लावून मते मोजली असतील, तर ती संख्याच लिहावी आणि क्रियापद ‘काउंटेड’ ठेवावे. म्हणून तो मजकूर पाठवण्यापूर्वी त्यांना एकदा विचारून घ्या.