पाण्यात उतरल्यावरही वाजणारा फोन

प्रश्न : माझे वय ४९ आहे. मुले मोठी झाली आहेत. आयुष्यभर पाण्याची भीती वाटत आली, म्हणून तीन महिन्यांपूर्वी हट्टाने पोहायला शिकू लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी दीड तास. घरात कोणीही विरोध केला नाही, उलट यजमान चारचौघांत कौतुकच करतात. पण निघण्यापूर्वी रात्रीचा स्वयंपाक करून झाकून ठेवणे, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढणे आणि काय कुठे आहे याची चिठ्ठी फ्रिजवर लावणे, यात इतकी धावपळ होते की पाण्यात उतरेपर्यंत मी थकलेली असते. परवा बाहेर येऊन पाहते तर फोनवर सात मिस्ड कॉल. घाबरून ओल्या हातांनीच फोन लावला, तर विचारणा होती, ‘धुतलेले टॉवेल कुठे आहेत?’ मला भयंकर राग आला आणि मागोमाग त्या रागाची लाजही वाटली. सगळे चांगले असताना मी उगाच कुरकुर करते आहे का? क्लास सोडून द्यावा असेही मनात येते.
— एक वाचक

उत्तर : क्लास सोडू नका आणि रागाची लाजही बाळगू नका. घरात कोणी वाईट वागत नाही, म्हणून तो राग कोणावर काढावा हे तुम्हाला कळत नाही, एवढेच. तुम्हाला दीड तासाची मोकळीक मिळाली आहे खरी, पण तिची भरपाई तुम्ही आगाऊच करून ठेवता. रात्री आठचे काम संध्याकाळी पाचला उरकले, म्हणून ते कमी झाले असे होत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातील बिनपगारी घरकाम आणि देखभाल यांवर खर्च होणाऱ्या एकूण वेळापैकी ७६.२ टक्के वेळ स्त्रियांचा असतो. स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटे देतात, तर पुरुष १ तास २३ मिनिटे. तुमचे टॉवेल मात्र या घड्याळी हिशेबातही बसत नाहीत. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात घर चालवण्यामागच्या डोक्यातल्या कामाचे चार भाग त्यांनी दाखवले : गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरलेले पार पडते आहे ना यावर नजर ठेवणे. निर्णय जोडपी बहुधा मिळून घेत होती, पण आधी ओळखणे आणि नंतर नजर ठेवणे, ही दोन टोके प्रामुख्याने बायकांच्याच हाती होती. तुमच्या फ्रिजवरच्या चिठ्ठीत ही दोन्ही टोके आहेत. यजमानांचे कौतुक मनापासूनचे असेल, पण कौतुक करणाऱ्याला काहीही लक्षात ठेवावे लागत नाही.

म्हणून ती चिठ्ठी काढून टाका आणि कामे तुकड्यातुकड्यांनी न देता अखंड सोपवा. ‘मंगळवारी आईंना गोळ्या द्याल का?’ असे विचारलेत, तर आठवण करून देण्याचे काम तुमच्याकडेच उरते. त्याऐवजी डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून यजमानांबरोबर एकदा नीट बसा, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर ते समजावून द्या, आणि त्यांना सांगा, ‘यापुढे आईंच्या गोळ्या रोज तुमच्याकडे.’ पाकीट संपत आल्याचे ओळखणे आणि पुढच्या तपासणीची तारीख पाळणेही त्यातच आले. औषधात चूक परवडत नाही, तेव्हा सात वारांचे सात कप्पे असलेली डबी घ्या, म्हणजे गोळी दिली गेली की नाही हे सासूबाईंनाही दिसेल. टॉवेलांच्या बाबतीत एवढी काळजी नको. ते शोधू द्यावेत, आणि घड्या वाकड्या पडल्या तर पुन्हा घालू नयेत. हे दुसरे जास्त अवघड जाते, कारण ‘माझ्यासारखे कोणाला जमत नाही’ यात आपल्यालाही थोडे सुख असते. मी स्वतः त्यातून अजून पूर्ण सुटलेले नाही.

फोन बंद करून कपाटात ठेवा आणि तरणतलावाच्या कार्यालयाचा क्रमांक घरी देऊन ठेवा. खरोखर अडचण आली तर निरोप येईल. टॉवेलसाठी कार्यालयात फोन करायला मात्र कोणीही धजावणार नाही.

तुमच्या रागाला कोणी ‘वय झाले, हार्मोन्स बदलले’ असे म्हणेल. बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५५ या वयात थांबते. त्या काळात झोप उडत असेल, अंगातून गरम वाफा येत असतील, तर डॉक्टरांकडे अवश्य जा. फक्त त्या औषधाने घरच्यांना टॉवेल सापडू लागतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

पहिले काही आठवडे मंगळवारी आणि शुक्रवारी जेवण उशिरा होईल, कदाचित तेवढे चांगलेही होणार नाही. तुम्ही परताल तेव्हा ओट्यावर पसारा असेल. तो तसाच राहू द्या आणि आधी केस वाळवा.